प्रतिवादी नंबर दोन

दसरा उलटला की कळंबच्या माळावरचं गवत कंबरेएवढं होऊन पिवळं पडायचं आणि मकसूदभाईंची वखार जागी व्हायची. डोंगराखालच्या वाड्यांतून ठाकर बाया विळे घेऊन उतरायच्या, दिवसभर गवत कापायच्या आणि पेंढ्या बांधून डोक्यावरून वखारीत आणून टाकायच्या. तिथे त्यांचे गठ्ठे दाबले जायचे आणि बैलगाड्यांनी नेरळ स्टेशनावर रवाना व्हायचे. पुढे ते मुंबईच्या तबेल्यांत कुठल्या घोड्यांच्या आणि म्हशींच्या पोटात जायचे, ते कळंबमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

या वखारीच्या मागच्या खोलीत सफुरा राहायची. ती मूळची चौक गावची. नवरा मकसूदभाईंचा चुलतभाऊ. त्यांच्याच गाड्या हाकायचा. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत आधी तिचं सहा महिन्यांचं तान्हं गेलं आणि आठ दिवसांत नवरा गेला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. माहेरी भाऊ झहीर होता, पण त्याच्याच घरात खाणारी तोंडं सात. मकसूदभाई म्हणाले, "तू घरचीच हायस. मागची खोली रिकामीच हाय, राहा." ती राहिली. झाडलोट करायची, गाडीवानांच्या भाकऱ्या थापायची आणि कुणाला आपण नकोसे होणार नाही एवढं काम दिवसभर शोधत राहायची.

तान्ही पोरं घेऊन बाया माळावर गेल्या की काम रेंगाळतं, हे मकसूदभाईंच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी एक नियम केला. पोरं माळावर न्यायची नाहीत. वखारीच्या अंगणात आंबा आहे, त्याच्याखाली ठेवायची, सफुरा बघेल. त्याबद्दल पोर ठेवणाऱ्या प्रत्येक बाईने दिवसाला एक पेंढी जास्तीची टाकायची. बाया तिला राखणीची पेंढी म्हणायच्या. ती पेंढी मकसूदभाईंच्या गंजीत जायची. सफुराला त्यातली काडी मिळत नव्हती आणि तिने कधी मागितलीही नाही. खरं सांगायचं तर त्या कामावर तिचा जीव होता. आंब्याखाली दहा-अकरा पोरं असायची. कुणाला थोपटायचं, कुणाचं नाक पुसायचं, कुणाच्या तोंडातली माती काढायची, यात दिवस कसा जायचा ते कळायचं नाही.

आंब्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गवत दाबायची प्रेस होती. जमिनीत पुरलेली जाड फळ्यांची पेटी, वर लोखंडी झाकण, झाकणाला दोन साखळ्या. साखळ्या खाली एका दातेरी चाकावर गुंडाळल्या जायच्या आणि ते चाक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पलीकडून चार गडी लांब दांडा रेटायचे, चाक फिरायचं, साखळी ताणली जायची आणि झाकण कुरकुरत गवतावर बसायचं. दांडा रेटणाऱ्यांना अलीकडचं चाक दिसत नसे. पोरांना त्या कुरकुरीची भारी गंमत वाटायची. सफुरा दिवसातून शंभरदा ओरडायची, "तिकडं नाय, तिकडं नाय!"

एकोणीसशे एकवीस सालच्या कार्तिकात एके दिवशी दुपारी मुंबईहून दोन व्यापारी आले. मकसूदभाई लगबगीने आंब्याखाली आले.

"सफुरा, ऊठ. पावणे इथंच जेवनार हायत. कोंबडं कापलंय, तू भाकऱ्या टाक."

"पोरं हायत ना भाई."

"पोरं काय उडून जातायत? बारकी बांधून ठेव. अर्ध्या तासाचं काम."

सफुरा घुटमळली. पण मकसूदभाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं असं त्या वखारीत कधी झालं नव्हतं. चिमा नावाच्या बाईचा जया नुकता रांगायला लागला होता. त्याच्या कमरेला तिने जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि दुसरं टोक आंब्याच्या मुळाला गाठवलं. घट्ट बांधली तर वळ उठतील म्हणून गाठ जरा सैल ठेवली. मग तिने पोरांवरून नजर फिरवली. सगळ्यांत मोठी चिंधी होती, बुधीची. बुधीचा नवरा मंगळ्याही मानमोडीतच गेलेला, म्हणून सफुराचा त्या मायलेकींवर जरा जास्त लोभ.

"चिंधे, तू मोठी हायस ना? पोरांकडं बघ गं. जयाला चाकाकडं जाऊ देऊ नको."

चिंधीने मान हलवली. ती पाच वर्षांची होती.

सातवी भाकरी तव्यावर होती तेव्हा बाहेर गड्यांचा गलका झाला आणि प्रेसची कुरकुर मध्येच थांबली. गलक्यापेक्षा ती थांबली, हेच सफुराला आधी जाणवलं. ती धावली. जया चाकाजवळ धुळीत बसून भोकाड पसरत होता, त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. कमरेची पट्टी मागे आंब्याखाली लोळत होती. त्याच्याशेजारी चिंधी गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा उजवा हात साखळी आणि चाक यांच्यामध्ये होता. ती रडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. नवशा नावाचा गडी दांडा उलटा रेटत होता.

हात सुटला तेव्हा सफुराने तो आपल्या ओढणीत गुंडाळला. ओढणी बघता बघता भिजली. कुणीतरी माळावर धावत गेलं. बुधी विळा हातात घेऊनच आली. तिने लेकीला उचललं आणि एकदाच सफुराकडे पाहिलं.

"तू कुठं व्हतीस?"

सफुराच्या हातांना पीठ लागलेलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, "इथंच व्हते."

गाडी जुंपून त्यांना नेरळला नेलं, तिथून आगगाडीने कर्जतच्या सरकारी दवाखान्यात. तिथे डॉक्टरांनी चिंधीची तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. पावणे जेवून गेले की न जेवता, ते सफुराला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवायचं, की तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती आणि तो वास खोलीत कितीतरी दिवस राहिला.

त्या दिवसापासून तिच्या मनात भीती शिरली ती शिरलीच. पहिले काही दिवस ती बुधीची भीती होती. बुधी येईल, झिंज्या धरेल, शिव्या देईल. बुधी आलीच नाही. मग ठाकरवाडीतली माणसं येतील असं वाटायचं. वाटेवर चार माणसं एकत्र दिसली की सफुरा आत जाऊन उभी राहायची. मकसूदभाईंनी आंब्याखाली पोरं ठेवणं बंद केलं. बाया पुन्हा पोरं पाठीला बांधून माळावर जाऊ लागल्या. अंगण रिकामं पडलं, तरी सफुराची नजर आंब्याखाली जायची आणि ती मनातल्या मनात डोकी मोजू लागायची. प्रेस सुरू झाली की ती हातातलं काम टाकून कान देऊन उभी राही. कुरकुर चालू आहे तोवर ठीक. ती थांबली की सफुरा अंगणाकडे धावायची, मग गडी तंबाखू मळायला का थांबले असेनात.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आपण पोरांजवळ नव्हतो, हे गड्यांना माहीत होतं. पण निघताना आपण चिंधीला काय सांगितलं, हे दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि चिंधीला.

पुढच्या वर्षी आषाढात, पाऊस कोसळत असताना, डोक्यावर इरलं आणि काखेत कातडी पिशवी घेऊन एक माणूस वखारीत आला. कोर्टाचा बेलीफ होता. त्याने दोन कागद काढले, एक मकसूदभाईंचा आणि एक सफुराचा.

"माजा?" सफुरा म्हणाली. "मला कोन कागद लिवणार?"

बेलीफाला घाई होती. त्याने एका दमात वाचून दाखवलं. पनवेलच्या कोर्टात दावा दाखल झाला आहे. वादी, अज्ञान म्हणजे अल्पवयीन चिंधी मंगळ्या ठाकूर, वय वर्षे सहा, तर्फे पालनकर्ती आई बुधी. प्रतिवादी नंबर एक, मकसूदभाई. प्रतिवादी नंबर दोन, सफुरा. प्रतिवादींच्या निष्काळजीपणामुळे अज्ञान वादीला कायमचं पंगुत्व आलं, सबब नुकसानभरपाई मिळावी.

बाकीचं तिच्या डोक्यावरून गेलं. एवढंच कळलं, की दावा चिंधीने लावला आहे. सहा वर्षांच्या पोरीने सरकारच्या घरात जाऊन आपलं नाव सांगितलं आहे. तिच्या डोळ्यांपुढे ती पोर उभी राहिली, चिंध्यांत गुंडाळलेला हात पुढे करून जज्जाला सांगताना: हिने मला पोरांकडं बघायला सांगितलं.

झालं असं होतं, की कर्जतच्या डॉक्टरांनी ही हकिगत टिपणीस नावाच्या एका तरुण वकिलांच्या कानावर घातली होती. टिपणीस वाडीवर जाऊन बुधीला भेटले. राखणीची पेंढी ऐकताच त्यांनी विचारलं, "म्हणजे मूल सांभाळण्याचा मोबदला शेट घेत होते?" बुधीला मोबदला शब्द कळला नाही, पण पेंढी घेत होते, हे तिने सांगितलं. कोर्टाचा स्टँप भरायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून वकिलांनी नादारीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. सफुराला यातलं काही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते मकसूदभाईंनी सांगितलेलं.

"कोर्ट म्हंजे तुरुंग," ते म्हणाले. "ठाण्याचा तुरुंग ऐकून हायस ना? बायकांना पन घालतात. पोर तुझ्या राखणीत व्हती, बेडीत हात पयला तुझा जायचा. मी हाय म्हनून वाचशील. मी सांगतो तसं बोलायचं."

"काय बोलू भाई?"

"दुपारी आई येऊन पोर घेऊन गेली व्हती. मागनं काय झालं ते मला ठावं नाय. बास."

"पन बुधी तर माळावर..."

"तुला सुटायचं हाय का नाय?"

सुटायचं होतं. मकसूदभाईंनी तिला आपल्या वकिलाकडे नेलं. तिथे तिच्या नावाची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, लिहून तयार होती. कारकुनाने तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्यावर काय लिहिलंय हे विचारण्याची तिची छाती झाली नाही. परत येताना ती सारखी अंगठा ओढणीला पुसत होती. शाई दोन दिवसांत गेली, तरी ती पुसतच राहिली.

तारखा पडत गेल्या. पाऊस संपला, गवत पिकलं, प्रेस पुन्हा कुरकुरू लागली. सफुराला अन्न जाईना. कुणी 'पनवेल' म्हटलं तरी तिला घाम फुटायचा. एकदा खाकी सदऱ्यातला जंगलखात्याचा शिपाई पाणी मागायला आला, तर ती गवताच्या गंजीमागे जाऊन बसली आणि तो गेल्यावरही बराच वेळ बाहेर आली नाही. विहिरीवर चिमा भेटली. जया आता तुरुतुरु चालत होता. त्याने ओळखीचं हसून सफुराच्या कुडत्याचं टोक धरलं, तशी ती घागर तिथेच टाकून घरी आली.

शेवटी तारीख लागली ती पौषात. आदल्या दिवशी ती आणि मकसूदभाई बैलांच्या दमणीने चौकला आले, झहीरकडे उतरले. पहाटे पुन्हा निघाले. वाटभर मकसूदभाई तिला घोकून घेत होते. "दुपारी कोन आलं?" "आई आली." "मग?" "पोर घेऊन गेली." "मग?" "मला ठावं नाय." बैलांच्या घुंगरांच्या तालावर ते शब्द तिच्या डोक्यात फिरत राहिले.

कोर्टाच्या ओसरीवर गर्दी होती. मकसूदभाई आपल्या वकिलाला गाठायला आत गेले आणि सफुरा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चार हातांवर बुधी बसली होती. तिने सफुराला पाहिलं आणि मान फिरवली. तिच्या मांडीला टेकून चिंधी उभी होती. वर्षभरात उंच झाली होती. उजवा हात तिने परकराच्या घडीत लपवला होता.

पट्टेवाल्याने बुधीला जबानीसाठी आत बोलावलं. लेकीला तिथेच बसायला सांगून ती गेली. सफुराला पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात चिंधीच उठून तिच्यापुढे आली. खाली मान घालून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मावशी, जया चालतो ना आता?"

"चालतो गं."

"त्याला लागलं नव्हतं ना?"

"नाय."

पोरीने ओठ चावला. "मी त्याला चाकाकडं जाऊ दिला. तू सांगितलं व्हतंस तरी. मी पानी प्यायला गेले व्हते. तू मला मारनार नायस ना? मी आयेला सांगितलं नाय तू मला सांगितलं व्हतंस ते. सांगितलं तर आय पन मारील."

वर्षभर सफुरा या पोरीला घाबरत होती. आणि ही पोर वर्षभर तिला घाबरत होती. तीन बोटं गेली ती आपल्याच चुकीने, असं समजून ती तोंड मिटून बसली होती. सफुराने हात पुढे केला, पण तो पोरीच्या अंगाला लावायची तिची हिंमत झाली नाही. तो हात तसाच हवेत राहिला आणि आतून पुकारा झाला, "प्रतिवादी नंबर दोन, सफुरा!"

आत उंच चौथऱ्यावर चष्मा लावलेले जज्जसाहेब बसले होते. भिंतीजवळच्या बाकावर बुधी. शिरस्तेदाराने सफुराला अल्लाला स्मरून खरं सांगेन अशी शपथ दिली. जज्जसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती दारावरच्या पट्टेवाल्याकडे बघत होती.

"बाई, घाबरू नकोस. हा दिवाणी दावा आहे. यात कुणाला तुरुंगात घालत नाहीत. पण शपथेवर खोटं बोललीस तर मात्र तुरुंग आहे. कळलं?"

सफुराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "जे झालं त्याच्यासाठी तुरुंग नाय?"

"नाही."

तिने मकसूदभाईंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

टिपणीस वकील उठले. बारीक अंगाचे, आवाज मऊ. त्यांच्या हातात दोन कागद होते. "बाई, प्रतिवादी नंबर एक यांची कैफियत अशी आहे, की मुलं सांभाळण्याचा उद्योग तुम्ही आपल्या मर्जीने, बायकांशी परस्पर ठरवून चालवत होता. वखारीचा आणि त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे खरं आहे का?"

"कोन बोललं असं?"

"मकसूदभाईंनी लिहून दिलं आहे."

कोर्टात पंखा ओढणाऱ्या दोरीची करकर तेवढी ऐकू येत होती. सफुराच्या कानांना ती प्रेसच्या कुरकुरीसारखी लागली. मी हाय म्हनून वाचशील, असं जो म्हणत होता, त्याने सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून दिला होता. भीती तर तशीच होती. पण आता ती कुणाकुणाची बाळगायची, हेच तिला कळेना.

"राखणीची पेंढी कुणाच्या गंजीत जायची?" वकिलांनी विचारलं.

"मकसूदभाईंच्या."

"तुम्हाला काय मिळायचं?"

"राहायला खोली. खायला."

"त्या दिवशी तुम्ही मुलांजवळ होता?"

मकसूदभाईंचा वकील खाकरला. सफुराने डोळे मिटून घेतले.

"नाय. पावणे आले व्हते. भाईंनी भाकऱ्या टाकायला बोलावलं."

जज्जसाहेबांची लेखणी थांबली. "तुझ्या कैफियतीत तर दुपारी आई येऊन मुलगी घेऊन गेली असं लिहिलं आहे. खाली तुझा अंगठा आहे."

"अंगठा माजा हाय साहेब. काय लिवलंय ते मला कुनी वाचून दावलं नाय. आई आली नव्हती. ती माळावर व्हती."

"मग मुलांची राखण कोण करत होतं?"

इथवर आल्यावर ती थांबू शकली असती. कुणीच नाही, असं म्हणता आलं असतं आणि ते जवळजवळ खरंही होतं. तिने कठड्याची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"चिंधी," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं, तू मोठी हायस, पोरांकडं बघ. जयाला चाकाकडं जाऊ देऊ नको. म्हनून ती गेली त्याला वढायला. ती तिकडं खेळायला गेली नव्हती साहेब. तिची चूक नाय. तिला कुनीतरी सांगा तिची चूक नाय. मी सांगितलेलं काम तिनं केलं."

बाकावरून बुधी उठली. पट्टेवाल्याने तिला खाली बसवलं. ती बसली, पण तिची नजर सफुरावरून हलली नाही आणि त्या नजरेत जे होतं ते झिंज्या धरण्यापेक्षा वाईट होतं. आतापर्यंत तिला वाटत होतं, सफुरा जागेवर नव्हती. आता कळलं, की जाताना ती तिच्याच लेकीला जुंपून गेली होती.

निकाल फाल्गुनात लागला. मूल सांभाळायचं कबूल करून त्याबद्दल मोबदला घेतला, राखणदार बाईला स्वतःच्या कामासाठी उठवलं आणि उघडं यंत्र मुलांच्या आवाक्यात चालू ठेवलं, म्हणून मकसूदभाई जबाबदार. पाच वर्षांच्या मुलीच्या भरवशावर मुलं सोडून गेली, म्हणून सफुराही जबाबदार. दोघांवर मिळून सातशे रुपयांचा हुकूमनामा झाला. रक्कम मुलगी सज्ञान होईतो कोर्टात ठेवायची, व्याज तेवढं तिच्या अन्नवस्त्राला द्यायचं. मकसूदभाईंनी अपील करीन म्हणून बरीच आरडाओरड केली, पण त्यांच्याच वकिलाने त्यांना समजावलं. त्यांनी पैसे हप्त्यांनी भरले. त्या हंगामापासून चाकाभोवती फळ्या ठोकल्या गेल्या.

सफुराला मात्र त्यांनी कोर्टाच्या पायरीवरच सांगितलं होतं, "आता खोलीकडं फिरकू नको." तिची पेटी आणि गोधडी नवशाने गाडीत घालून चौकला आणून दिली. झहीरने पडवीचा एक कोपरा तिला आडोसा करून दिला. सडकेला लागूनच घर होतं. मुंबई-पुण्याच्या मोटारी तिथे पाण्याला थांबायच्या. सफुरा ड्रायव्हर-क्लीनरांसाठी चहा आणि भाकऱ्या करू लागली. पोटापुरतं निघायचं.

हुकूमनाम्यात आपलंही नाव आहे, हे ती विसरली नाही. टिपणीस वकील एकदा पनवेलहून येताना मुद्दाम थांबले. म्हणाले, "बाई, वादीतर्फे तुमच्यावर वसुली करायची नाही, असं बुधीने सांगितलंय."

"बुधी तसं बोलली?"

वकील खोटं बोलणारे नव्हते. "ती म्हणाली, तिच्याकडं न्यायला हाय काय?"

त्याने सफुराचं मन निवलं नाही. काखेत पिशवी घेतलेला माणूस सडकेवर दिसला, की ती चुलीवरचं आधण तसंच टाकून मागच्या दाराने निघून जायची. झहीरची बायको आयशा आधी हसायची, मग चिडायची, मग तिने बोलणं सोडलं. आयशाच्या पोरांना सफुरा जेवायला वाढायची, त्यांचे कपडे शिवायची, पण एकटीने त्यांना कधी सांभाळलं नाही. "जरा बघा हो, मी आले," असं आयशा म्हणाली, की सफुरा तिच्या आधी उठून तिच्यामागे चालू लागायची, पोरांना दोन्ही हातांना धरून. पुढे आयशाने सांगणंच बंद केलं.

अकरा वर्षं गेली. चौतीस सालच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी पडवीसमोर एक ठाकर जोडपं थांबलं. बाईच्या पाठीला तान्हं होतं. तिने डाव्या हाताने झोळी सोडली आणि उजवा हात पदरातून बाहेर काढला. सफुराने तो हात पाहिला आणि तिच्या हातातली परात खाली पडली.

"वळखलंस का मावशी?" चिंधी म्हणाली. ती अठरा वर्षांची झाली होती. कोर्टातली रक्कम घ्यायला पनवेलला निघाली होती. टिपणीस वकिलांनी निरोप धाडला होता. बुधी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, हेही तिने सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं, सरळ आवाजात. विळा ती डाव्या हाताने चालवते, नवऱ्यापेक्षा जास्त पेंढ्या पाडते, हे सांगताना मात्र हसली. पैशांतून एक म्हैस आणि वाडीजवळची भातखाचराची तुकडी घ्यायचा त्यांचा विचार होता.

"मावशी, मी जरा हापशावर जाऊन तोंड धुते. हे मोटारवाल्याला पनवेलचं विचारून येतात. पोराला धर जरा."

तिने मूल पुढे केलं. सफुरा एकदम मागे सरली.

"नको गं. माझ्याकडं नको देऊ."

"का गं? झोपलाय, रडणार नाय."

"नको. तुझ्या पाया पडते. आयशा घरात नाय, मी एकटी हाय."

चिंधीने क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने पडवीत फडकं पसरलं, त्यावर पोराला निजवलं आणि हापशाकडे निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

सडकेवरून एक मोटार धुरळा उडवत गेली. सफुराने पोराला हात लावला नाही. ती पडवीच्या पायरीवर, पोर आणि सडक यांच्यामध्ये जाऊन बसली, सडकेकडे पाठ करून. पोराच्या पोटावरचं फडकं श्वासाबरोबर वरखाली होत होतं. तिने आपला श्वास रोखला होता. हापशाचा दांडा वाजत होता, मग वाजायचा थांबला, आणि चिंधी ओल्या तोंडाने येऊन पोराला उचलेपर्यंत सफुराने पापणी लववली नाही.